बायांची पायवाट

लातूर जिल्हा होऊन वर्ष झालं, त्या हिवाळ्यात मी चाकूरच्या आमच्या शाळेतल्या मुलींची सहल किनवटच्या जंगलात नेली. स्वयंपाकाला माझ्या सासूबाई, नागम्मा, सोबत होत्या. वय बासष्ट. बहात्तरच्या दुष्काळात त्या किनवटला भावाकडे राहिल्या होत्या, एवढंच मला माहीत होतं.

सागाच्या झाडीत तलाव भरलेला होता. मुलींना डोंगरावर जायचं होतं. श्रीमंत नावाचा वनरक्षक म्हणाला, "वर वाट नाही, बाई. सगळी घाणेरीची झुडपं माजली."

"हाय की वाट," सासूबाई म्हणाल्या. "सांडव्याच्या डाव्या अंगाला."

"आजी, मी चार वर्षं हितं हाय."

"आन् दुष्काळाच्या कामावर हा तळ्याचा बांध घातला तवा कुठं होतास? सात महिने माती वाहिली म्या ह्याच्यावर."

त्यांनी पदर खोचला आणि काठीनं घाणेरी बाजूला सारली. खाली दगडी पायरी होती. तिच्यावर दुसरी. श्रीमंत कोयता घेऊन धावला.

चढता चढता त्या सांगत होत्या. बांधासाठी दगड वरून आणावे लागत. एकदा सोबत काम करणारी पार्वतम्मा दगडाच्या पाटीसकट घसरली, पाय मोडला. पायऱ्या करा म्हणून बायांनी कामावरच्या साहेबाला विनवलं. तो म्हणाला, मंजुरी नाही.

"मंग?" एका मुलीनं विचारलं.

"मंग काय! सुट्टी झाली की रोज एकेक पायरी बसवायची. दीडशे बसवल्या. त्याच्यानंतर एक बाई पडली न्हाई."

मी दहा वर्षं त्यांच्या घरात नांदत होते. हे कधी ऐकलं नव्हतं.

माथ्यावरून पलीकडचा दुसरा तलावही दिसला. मुली ओरडत सुटल्या. श्रीमंत घाम पुसत म्हणाला, "आजी, खाली पाटी लावतो. नाव काय लिहू? तुमचंच लिहू का?"

"माझं एकलीचं कशाला? बायांची पायवाट, आसं लिही. मोठ्या अक्षरात."

दुसऱ्या एका शाळेची सहल घेऊन आलेले गुरुजी धापा टाकत वर आले. "ह्या कोण?" त्यांनी विचारलं.

"माझ्या सासूबाई," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला.

सासूबाई दगडावर बसून भाकरी खात होत्या.

"पाय दुखतात का?" मी विचारलं.

"लई दुखायलेत," त्या म्हणाल्या आणि उतरायच्या आधी आणखी एक भाकरी मागितली.