शेंग फुटेपर्यंत

घरात जिला सगळे टकळी म्हणत, ती शाळेतून आली आणि फाटकातच थबकली. इमारतीशेजारच्या मोकळ्या पट्ट्याशी फरशा येऊन पडल्या होत्या! आणि तिथेच तर ती फुलं होती. निळी म्हणावीत तर जांभळट, जांभळी म्हणावीत तर निळसर, आणि नावाचा पत्ता नाही.

ती सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांच्या मागेच लागली. "काका, तिथे फरशी नका ना बसवू!"

"अगं, झाडं उपटून कुंडीत लाव की! सोमवारी कामाला माणसं येतायत."

पण कुंडीत जगतील? टकळीने एक फूल तोडलं, डब्यात घातलं आणि मामीची प्रयोगशाळा गाठली. वाळवलेल्या झाडांचे नमुने सांभाळणं हे मामीचं कामच. डबा उघडला, तर आत फुलाचा नुसता ओला बोळा.

"तोंडच आणलंस होय?" मामी हसली. "पासपोर्टच्या फोटोवरून चपलेचा नंबर सांगू? अख्खं झाड आण, मुळासकट."

मुळासकट! ज्यांना वाचवायचं त्यांतलंच एक उपटायचं? टकळीच्या जिवावर आलं. पण नाव कळल्याशिवाय चैनही पडेना. शेवटी खुरप्याने माती सैल करून तिने अगदी कडेचं एक झाड उचललं.

मामीने भिंग धरलं. "बघ, मूळ दोऱ्याएवढं. कंद नाही, काही नाही. इथलंच रानफूल हे, पण एका वर्षाचं. बी सांडलं की संपलं, पुढच्या वर्षी त्याच मातीतून नवं. कुंडीत हलवून काय करशील?"

"आणि नाव?"

"या तोंडवळ्याच्या दोघी बहिणी आहेत. एकीचं बी गुळगुळीत, दुसरीचं खरखरीत. शेंग फुटली की कळेल."

टकळीने हे सगळं एका दमात काकांच्या कानावर घातलं.

"म्हणजे तुझ्या मामीलाही माहीत नाही?"

"अजून कुणालाच नाही!"

काकांनी कपाळाला हात लावला. मग चष्मा लावून पट्ट्यात उकिडवे बसले आणि बराच वेळ हिरव्या शेंगा न्याहाळत राहिले. "गुळगुळीत असणार," ते म्हणाले. "लाव पैज. फरशा थांबतील तोवर."

मग रोज खिडकीतून हाक. "फुटली का गं?"

फुटली एकदाची, टकळीच्या तळहातावरच. तिने डोळे मिटून बोट फिरवलं. "खरखरीत!"

"छे! दाखव बरं." काकांनीही बोट फिरवलं, तोंड वाकडं केलं.

मामीने फोनवर सांगितलेलं लांबलचक नाव काकांनी तीनदा म्हटलं, तिन्ही वेळा वेगळं. मग फरशांचा ढीग गाड्या लावायच्या जागेकडे हलवायला सांगून टकळीवर खेकसले, "बघतेस काय? बाकीचं बी सांडू दे तिथेच!"