अकरा वाटांचं घर

फाल्गुनातलं कोवळं ऊन भोपाळमधल्या कोटऱ्याच्या आमच्या घरात तिरपं शिरायचं, तेव्हा नलूआत्या भिंतीच्या कडेला वाकून बसलेली असायची आणि तिच्या पुढ्यात फरशीवर चाळलेल्या रांगोळीचा थर दुधावरच्या सायीसारखा दिसायचा. आदल्या संध्याकाळी ती भिंतींच्या कडांनी रांगोळी भुरभुरवून ठेवी आणि सकाळी त्यात उमटलेली इवली पावलं वाची. इतरांच्या घरी रांगोळी उंबऱ्याबाहेर असते. आमच्याकडे ती आत पसरलेली असे आणि चित्र भलतंच कुणी काढून जाई.

लहानपणी माझ्या आजोबांच्या बदलीबरोबर ती नागपूरहून भोपाळला आली ती इथलीच झाली. सिंचन खात्यात तिनं जन्मभर कालव्यांचे नकाशे ट्रेस केले. पाणी कुठून निघतं, कुठे वळतं, कुठे झिरपतं हे तिच्या बोटांना पाठ होतं. निवृत्तीनंतर हाताशी कालवे उरले नाहीत, तेव्हा तिनं आपल्याच घराचा आराखडा ट्रेसिंग पेपरवर उतरवला आणि रंगीत पेन्सिलींनी त्यात जनावरांच्या वाटा भरल्या. मोरीच्या तोंडातून परसदाराकडे जाणारी मुंगसाची लाल रेघ. चारी भिंती धरून चालणारी, खोलीचा मध्य कधीही न ओलांडणारी चिचुंद्रीची निळी. चिंचेच्या फांदीवरून कठड्यावर आणि तिथून झरोक्यातून माळ्यावर गेलेली खारीची नारिंगी. मोजून अकरा वाटा होत्या. "आपल्याला दार एक, त्यांना अकरा. मग घर कोणाचं झालं, सांग बरं?" असं विचारून ती मिश्कील हसायची. मला मात्र चिचुंद्रीच्या वासानं मळमळायचं आणि या कौतुकाचा राग यायचा.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती दोन दिवस दवाखान्यात होती. डोळ्याला जंतुसंसर्ग होता कामा नये, असं डॉक्टर म्हणाले आणि मला आयतं निमित्त मिळालं. मी मिस्त्रीला बोलावलं आणि आत्याचाच नकाशा त्याच्या हातात दिला. "मैडम, ऐसा नक्शा तो इंजीनियर लोग भी नहीं देते," तो थक्क होऊन म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकराही वाटा सिमेंटनं बुजल्या. घर कसं स्वच्छ, निर्धोक झालं, असं मला वाटलं.

तासाभरात दवाखान्यातून परतलेली, काळा चष्मा लावलेली आत्या माझा हात धरून अंगणात उतरली आणि एकदम थांबली. कठड्यावर एक खार पुढे-मागे पळत होती, झरोक्यापाशी येऊन ओरडत होती, परत पळत होती. मला तो नेहमीचाच कलकलाट वाटला. आत्यानं मान कलती करून ऐकलं.

"काहून बुजवलं गं?" ती हळूच म्हणाली. "नारिंगी रेघेच्या टोकाला तीन ठिपके होते. पाहिले नाहीस?"

पाहिले होते. पेन्सिल टेकली असेल, असं मी समजले होते.

"नकाशात उगाच ठिपका नसतो, बाई. पिल्लं आहेत ती."

मी धावत सुटले. हात धुऊन निघालेल्या मिस्त्रीला मी फाटकातून परत आणलं. आत्यानं माळ्याखालच्या भिंतीला कान लावला. भिंतीवरून कान सरकवत ती पुढे गेली. मग तिनं एक बोट वर केलं. आवाज होता, पण एकाचाच.

झरोक्यातलं सिमेंट अजून ओलं होतं, ते थापीनं निघालं. आम्ही लांब ओसरीत जाऊन बसलो. खार आली, आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडात पिल्लू होतं, गळ्याभोवती मफलरसारखं गुंडाळलेलं. ती फांदीवर चढली, दिसेनाशी झाली, परत आली. "किती?" आत्या विचारायची. एक. मग दोन. त्यानंतर खार बराच वेळ आलीच नाही. ऊन चिंचेच्या शेंड्याला गेलं आणि मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हात जोडले. शेवटी ती आली. तिसरं पिल्लू हलत होतं. माझ्या पंजाएवढ्या त्या खारीला वाट ठाऊक होती, माप ठाऊक होतं, आणि आपली किती जण आहेत हेही ठाऊक होतं. एवढं थोरपण मी याआधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. "तीन," मी म्हणाले, आणि काळ्या चष्म्याखालून आत्याच्या गालावर पाणी आलं. "डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून सांगितलंय," मी दटावलं, तर मीच रडत होते.

उरलेल्या दहा वाटा दुसऱ्या दिवशी मी स्वतः उघडल्या.

आत्या गेल्या कार्तिकात गेली. आता संध्याकाळी रांगोळी मी चाळते आणि भिंतींच्या कडांनी भुरभुरवते. सकाळी पावलं उमटलेली असतात. लाल, निळ्या, नारिंगी वाटा अजून वाहत्या आहेत. शेवटी चिमूटभर रांगोळी हातात उरते. ती मी खोलीच्या मधोमध टाकते, जिथून त्यांच्यापैकी कुणी जात नाही, फक्त माणसं चालतात, आत्या चालायची. सकाळी उठले की मी आधी तिथेच पाहते.