गोलकीपरची लाल टोपी

पडद्यावर फिल्मचा पहिला आकडा उमटायच्या आत गनीचाचांनी प्रोजेक्टरची वायर उपटली.

"शॉक हाय हिच्यात," ते म्हणाले. "अशाच वायरीचा धक्का लांज्यात एका म्हशीला बसला. आठवडाभर दही देत होती."

मिरकरवाड्याची मासळी-लिलावाची शेड नुकतीच धुऊन झाली होती. ओल्या लादीवर उलट्या घातलेल्या क्रेटांवर सात मुली बसल्या होत्या. उद्या सकाळी त्यांना जिल्ह्याच्या वॉटर पोलो संघाच्या निवडीला जायचं होतं. लॅपटॉपपाशी नम्रता शेट्ये, कॉलेजच्या ग्रंथपाल. एका जुन्या गोदामात त्यांना फिल्मचा गंजका डबा सापडला होता आणि त्यातली दहा मिनिटं त्यांनी पुण्याहून संगणकावर उतरवून आणली होती.

पन्नास वर्षांपूर्वी हाच डबा सरकारी गाडीत घालून गनीचाचा गावोगाव हिंडले होते. लोकांनी कधी न पाहिलेले खेळ लोकांना दाखवायचे, ही नोकरी. फिल्ममधला माहिती सांगणारा बाबा इंग्रजीत बोलायचा. गावाला काय कळणार? म्हणून चाचा आवाजाची खुंटी पिरगळून त्याला गप्प करायचे आणि भोंग्यावर स्वतः सुरू व्हायचे.

तेव्हापासून मिरकरवाड्यात हा खेळ रुजला. तलाव नव्हता, खाडी होती. चेंडू नव्हता, जाळ्याचा तरंगता बोया होता. आणि नियम चाचांचे. बोया एकाच हाताने धरायचा, कारण दुसरा हात लुंगी सांभाळायला. गोलकीपरने लुंगीला गाठ मारलेली असते, म्हणून त्याला दोन्ही हात. तळाला पाय लावायचा नाही, खाली कालवं आहेत, तळवे चिरतील. आणि गोलकीपरची टोपी लाल, म्हणजे बांगडे बिचकून बाजूला होतात. मोबाइल प्रत्येकीकडे होता, पण त्यात शोधायचं कुणाच्या मनातही आलं नाही. विटी-दांडूचे नियम कोण शोधतं?

आयातने वायर त्यांच्या हातातून काढून घेतली. ती चाचांची नात आणि संघाची कप्तान.

"नाना, शॉक नाय. काय ते खरं बोला."

चाचांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नियम माझे हायत."

"कुठले?"

"सगळे. पडद्यावर माणसं भिजताना दिसायची. बाकी मी जोडलं. ह्या मॅडमना फिल्म दाखवू दिली असती तर आताच उघडं पडलो असतो. उद्या तुम्हाला हसतील गो तिथे. नका जाऊ."



"चार वर्षं पाय उचलून मेलो आम्ही पाण्यात!" तेजस्वी म्हणाली.

"आणि बांगडे, चाचा?" सानिकाने विचारलं. ती गोलकीपर.

"बांगड्यांना रंग कळतो का, मला काय ठाऊक!"

सानिकाने डोक्यावरची लाल टोपी काढली. चाचांच्या जुन्या लुंगीचीच होती, आयातच्या नानीने, कनीजने, शिवलेली. तिने ती पिशवीत कोंबली.

आयात वायर घेऊन सॉकेटपाशी गेली.

"हसायचेच असतील तर आधी आपण हसून घेऊ," ती म्हणाली आणि तिने वायर जोडली.

काळंपांढरं पाणी हललं. खरखरत, घसा साफ केल्यासारखं करत, फिल्ममधला बाबा एकदाचा बोलू लागला. आयात एकेक वाक्य मराठीत सांगू लागली.

"चेंडू एकाच हाताने..." ती अडखळली. "तळाला पाय लावायचा नाही. गोलकीपरला दोन्ही हात चालतात."

मुलींनी अशी आरोळी ठोकली की छपरावरचे कावळे उठले. चाचा मात्र क्रेटवर टेकले.

"तुम्ही पाहिलंच असणार की," नम्रता म्हणाल्या. "खेळताना सगळं दिसतं. कारणं तेवढी तुमची."

"असेल," चाचा हिरमुसून म्हणाले. एवढ्या वर्षांची थाप अशी फुकट गेली होती.

आयातने फिल्म थांबवली. दहा सेकंद मागे नेली. पुन्हा ऐकली.

"काय गो?"

"गोलकीपरची टोपी लाल असते, म्हणतोय."

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. पाणी काळं, माणसं करडी. गोलकीपरची टोपी इतरांहून जरा गडद करडी, एवढंच.

"चाचा," नम्रता हळूच म्हणाल्या, "आवाज तुम्ही कायम बंदच ठेवायचात ना?"

"पहिल्या दिवसापासून."

चाचा उठून पडद्यापाशी गेले. त्या करड्या डोक्यावर त्यांनी बोट टेकवलं, आणि बोट उलटं करून पाहिलं, काही लागलंय का.

मग त्यांनी वळून सगळ्यांकडे पाहिलं. डोळ्यांत जुनी चमक परत आली होती.

"सांगतो. त्याचं असं झालं, बुरोंडीला..."

"चालता चालता सांगा, चाचा," सानिका म्हणाली. पिशवीतून काढलेली टोपी ती दोन्ही हातांनी कानांवर ओढत होती. "भरती हाय. पाणी उतरायच्या आत खेळून घेऊ."

आयातने बोया उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो एकाच हाताने धरला.