मुंग्या गेल्या

काचवाल्याच्या पायांना मुंग्या यायच्या तेव्हा त्याचा त्रास सगळ्या घराला व्हायचा. दुकान बंद करून वर आला की खुर्चीत बसून तळवे चोळायचा आणि म्हणायचा, "अगं, आल्या बघ पाहुण्या." बायको म्हणायची, "रक्तात साखर साठवून ठेवलीय, मग पाहुण्या येणारच की!"

मग एके दिवशी तक्रार थांबली. "गेल्या मुंग्या," तो म्हणाला. "साखरही नॉर्मल आलीय. आता गोळ्या कशाला? पाऊस थांबल्यावर कोणी छत्री उघडून फिरतं का?"

नॉर्मल आली ती गोळ्यांमुळेच ना, असं तिच्या मनात आलं होतं. पण घर कधी नव्हे ते शांत झालं होतं. ती गप्प बसली.

काही महिन्यांनी एका दुपारी जेवण आटोपून तो स्टुलावर पाय टाकून पेपर वाचत होता. ती केर काढत होती. भिंतीच्या कडेने मुंग्यांची रांग दिसली. लाल, कडकडून चावणाऱ्या. काहीतरी सांडलं असेल म्हणून ती झाडू घेऊन रांगेच्या मागे मागे गेली. रांग स्टुलाच्या पायावरून वर चढली होती आणि त्याच्या डाव्या अंगठ्याखाली शिरत होती.

ती तशीच उभी राहिली. आता पाय झटकेल, मग झटकेल. तो पेपरातला कसलासा विनोद वाचून खुदकन हसला.

"अहो."

"हं?"

"पायाला काही होतंय का?"

"काही नाही. म्हटलं ना, गेल्या."

तिने हातानेच मुंग्या झाडल्या. दोन-चार तिच्या बोटांना डसल्या, तशी ती कळवळली. अंगठ्याखाली शर्टाच्या बटणाएवढी जखम होती, ओली, कडेने पांढरी पडलेली. आत काहीतरी चमकत होतं.

"काच गेलीय तुमच्या पायात."

"हॅ! काच मला विचारल्याशिवाय लागत नाही." आयुष्यभर हेच सांगत आला होता तो. पण तिने त्याचा काढून ठेवलेला मोजा उलटा करून पुढे धरला. तळाशी वाळलेला डाग पाहिला आणि त्याने पेपर खाली ठेवला.

सासूबाईंचंही अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं. पुढचं सगळं तिने स्वतःच्या हातांनी धुतलं होतं, पुसलं होतं, आणि शेवटी त्यांचा पाय कापल्यावर पलंगाच्या रिकाम्या बाजूची चादर रोज नीट केली होती.

"मलम लाव, पट्टी बांध. उद्या बघू," तो म्हणाला. "संध्याकाळी गिऱ्हाईक यायचंय, आरसा न्यायला."

"आरसा काही पळून जात नाही. उठा."

"अगं, पण दुखत कुठं—"

"उठा म्हणते ना!"

डॉक्टर वयाने लहान होती, त्याला काका म्हणत होती. तिने चिमट्याने काच काढली, जखम साफ केली, पायाचा एक्स-रे काढून आणायला लावला. तो उजेडात धरून म्हणाली, "हाडापर्यंत गेलेलं दिसत नाही. आज तरी."



"गोड तर मी केव्हाच सोडलंय," काचवाला म्हणाला.

"आणि गोळ्या?"

त्याने पंख्याकडे पाहिलं. "नॉर्मल आली होती, म्हणून..."

"गोळ्यांनीच आली होती, काका."

बायकोला राहवेना. "पण मुंग्या तर गेल्या होत्या ना?"

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "गेल्या नव्हत्या, काकू. त्या यांना कळेनाशा झाल्या." मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "आता रोज पाय तपासायचे. घरातही चप्पल. बूट घालण्याआधी झटकायचे. तळवा दिसत नसेल तर आरसा धरायचा. आहे ना घरी आरसा?"

"असेल एखादा," काचवाला म्हणाला. बायकोला हसू फुटेल असं वाटलं आणि डोळेच भरून आले.

डॉक्टरने खणातून एक काडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा ताठ, बारीक दोरा होता. आधी तो त्याच्या हाताला टेकवून दाखवला. "डोळे मिटा. असा दोरा पायाला टेकला की 'हो' म्हणायचं."

त्याने डोळे मिटले. दोरा डाव्या टाचेला टेकला, वाकला. तो गप्प. मग डॉक्टरने दोरा उचलला आणि नुसताच हवेत धरला.

"हो," तो म्हणाला.

दोरा हवेतच होता.

"हो," तो पुन्हा म्हणाला. उद्या काम होईल ना, असं गिऱ्हाइकाने विचारल्यावर जसा म्हणायचा, तसाच ठसठशीत.

बायकोने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे घट्ट आवळलेले, ओठांवर घाम. इतका वेळ तिला वाटत होतं, की भीती आपल्या एकटीलाच आहे.

तिने त्याचा हात धरला. "अहो, ही काही परीक्षा नाही. लागत नसेल तर नाही म्हणा."

दोरा बोटाला टेकला. चवड्याला टेकला. पुन्हा टाचेला.

"नाही," तो हळूच म्हणाला. "कुठंच नाही गं."

डॉक्टरने लिहून घेतलं. "आता उजवा."

डोळे मिटण्याआधी त्याने बायकोकडे पाहिलं. या वेळी हा खरं तेच सांगणार, हे तिला कळलं. आणि आता तिला त्या खऱ्या उत्तराचीच जास्त भीती वाटू लागली.