सपाट डोक्याचा पिस्टन

मी पिस्टन बोलतोय. एका मोटारीच्या इंजिनातून, तिसऱ्या सिलिंडरमधून. जरा घाईत बोलतोय, कारण घाट सुरू झालाय.

माझा जन्म भट्टीपाशी झाला. वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतलं आणि आम्ही चौघे भाऊ एका खोक्यात बसून दुकानात आलो. आमची घडण साध्या इंजिनासाठी. ते आपल्यापुरती हवा ओढतं आणि गपगुमान चालतं. नशिबी आलं टर्बोचं इंजिन! टर्बो म्हणजे हवा कोंबणारा पंखा. पोट भरलं तरी त्याचा आग्रह संपत नाही.

आम्हाला विकत घेतलं एका मेकॅनिकने. लेकीची बदली डोंगरापलीकडे झाली होती, म्हणून तो जुन्या गाडीचं इंजिन तिच्यासाठी स्वतः बांधत होता. लेकीवर त्याचा भारी जीव. पण माणूस उतावळा. त्याने माझा व्यास मोजला, उंची मोजली, पिन घालून बघितली. सगळं जुळलं. डोक्याकडे मात्र बघितलंच नाही.

शेजारी आधीचा जुना पिस्टन पडला होता. त्याच्या डोक्यावर खोलगट वाटी होती. कोंबलेल्या हवेला तेवढी जागा लागतेच. नाहीतर दाब वाढून पेट्रोल वेळेआधी भडकतं. आणि हा बाबा त्या वाटीत स्क्रू ठेवायचा! एकदा त्याने स्क्रू चुकून माझ्या डोक्यावर ठेवला. तो घरंगळून टेबलाखाली गेला.

"बाबा, याला वाटी का नाही हो?" लेकीने विचारलं.

"नवा माल असाच येतो. तू तुझ्या बॅगा भर."

मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

आज सकाळी गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. आईने डबा दिला, बापाने बॉनेटवर थाप मारली. सपाट रस्त्यावर मीही मनाची समजूत घातली, की निभेल बहुतेक.

पण आता चढ लागलाय. टर्बो हवा कोंबतोय. डोकं तापलंय. टक्. पुन्हा टक्. माझ्या अंगाभोवतीच्या दोन रिंगांमधली पातळ कड तडकतेय, मला कळतंय. मी फुटलो तर इंजिन जागीच जाम होईल, आणि मागे भरलेला ट्रक अगदी चिकटून येतोय. मला भीती वाटतेय.

लेकीने बापाला फोन लावलाय. "बाबा, डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज येतोय."

"चढ आहे गं, इंजिन नवं आहे. होईल ते..." तो मध्येच थांबला. मग फोनमधून खळकन आवाज आला. त्याने वाटीतले स्क्रू टेबलावर ओतले होते.

"अगं, वाटी! ऐक, तू आधी..."

गाडी बोगद्यात शिरली आणि फोन कट झाला.

"बाबा? हॅलो? बाबा!"

रेंज मिळावी म्हणून तिला लवकर बाहेर पडायचंय. तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय आणखी खाली दाबलाय.

पोरी, बाप तुला तेच सांगत होता गं. पाय काढ.