पलजोरच्या केसांतलं तेल

उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी, देवळाच्या अंगणात, भर नाचात हीरासेन नेगीच्या नाकात त्याच्या आईच्या तेलाचा वास शिरला. आईला जाऊन दोन हिवाळे झाले होते.

वास येत होता तो पलजोरच्या डोक्याचा. रांगेत एकमेकांच्या हातांत हात गुंफून सगळे नाचत होते आणि हीरासेनच्या डाव्या हाताला नेमका पलजोर आला होता. हीरासेनचं नशीबच तसं. मागच्या जन्मी त्याने कुणाचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे, पण शाळेच्या बाकापासून देवाच्या पालखीपर्यंत जिथे जावं तिथे शेजारी पलजोर. आज तर तो पठ्ठ्या छप्पन्नाव्या वर्षी ढोलाच्या प्रत्येक ठेक्याला गुडघ्यात वाकून लवलवत उठत होता. हीरासेन त्याच्याहून फक्त दोन वर्षांनी मोठा. तो वाकला की गुडघे वाळक्या फांदीसारखे कडकड वाजायचे. म्हणून तो वाकायचाच नाही, नुसती मान हलवायचा. पलीकडच्या पोरी त्याच्याकडे बघून हसत होत्या आणि त्याने ते पाहिलं होतं.

पुढच्या ठेक्याला पलजोरची हिरव्या मखमलीची टोपी जरा मागे सरकली आणि वासाचा भपकाराच आला. रानजर्दाळूच्या कडू बियांचा, आणि मागून हळूच चिलगोज्याच्या दाण्यांचा. गावात घरोघर ह्याच बियांचं तेल निघतं. केसांना, भेगाळलेल्या गालांना, सांध्यांना, सगळ्याला तेच. पण प्रत्येक घरचं तेल वेगळं. कुणी बिया करपेपर्यंत भाजतं, कुणी नुसत्या उन्हात ठेवतं. मूठभर चिलगोजे घालण्याची उधळपट्टी मात्र एकाच घरात व्हायची, हीरासेनच्या. तो वास त्याने झोपेतही ओळखला असता.

‘आमाचं तेल! आणि ह्याच्या टाळक्यावर!’ त्याचा पाय चुकला. मागच्याने त्याला रेटलं, पुढच्याने ओढलं आणि रांग तशीच पुढे गेली.

आता ह्या जळफळाटाला इतिहास होता. पलजोर त्याचा मावसभाऊ. आई बाळंतपणात गेली म्हणून आठ दिवसांचं पोर हीरासेनच्या आईने, आमाने, पदराखाली घेतलं. तेव्हापासून हीरासेनचं सगळं अर्धं झालं. अर्धं दूध, अर्धी गोधडी, अर्धी आमा. हिवाळ्यात दोघांना विस्तवापुढे बसवून आमा अंगाला तेल चोळायची. आधी पलजोरला, कारण तो लहान. हीरासेनच्या वाट्याला येईपर्यंत तिचे हात दमलेले असायचे, असं तो आजही शपथेवर सांगायचा. पुढे पलजोर स्वतःचं घर बांधून वेगळा झाला, तेव्हा गावात ह्याच्याइतका खूश कुणी नव्हता.

आणि त्या तेलाचा हीरासेनला भारी अभिमान. दर थंडीत आमा खालच्या खोलीत दार लावून तेल मळायची. बिया कुटायच्या, कोमट पाण्याचा शिपका देत तो लगदा तासन्‌तास तिंबायचा, की कडेने तेल सुटू लागतं. त्या वेळी पुरुषाने आत डोकावायचं नाही, नजर पडली की तेल आटतं, असं गावात सगळेच मानतात. आत सुनेला तेवढी परवानगी. संध्याकाळी आमा बाटली घेऊन वर यायची आणि ती लेकाच्या हातात ठेवायची. तो बूच काढून हुंगायचा आणि बायकोकडे बघून म्हणायचा, “बघ बुटित, ह्याला म्हणतात हात.” हे वाक्य त्याने चोवीस वर्षं, दर थंडीत, न चुकता म्हटलं होतं.

आमा गेल्यावर शेवटची बाटली त्याने थेंबथेंब पुरवली. आता हे तेल ह्या जगातून संपलं, असं त्याने चार माणसांत डोळे पुसत सांगितलं होतं. तेव्हापासून रामपूरच्या दुकानातली ट्यूब. ती गुडघ्याला लावली की खोलीभर कापराचा वास सुटे आणि गुडघे होते तसेच राहत.

नाच थांबल्यावर त्याने पलजोरला देवळाच्या भिंतीशी गाठलं.

“डोकं फार चकाकतंय रे. काय लावतोस?”

“तेल,” पलजोर म्हणाला आणि हसला. “दुसरं काय लावणार? दारू?”

“कुणाचं तेल?”

“घरचं.”

“तुझ्या घरचं? तुझी बायको तर बियांचा कोळसा करते. सगळ्या गावाला माहीत आहे.”

पलजोरचं हसू मावळलं. त्याने टोपी काढली, उगाच झटकली, पुन्हा घातली. “दादा, सणाचा दिवस आहे. भांडू नकोस.”

“आमाने दिलंय ना तुला? मरताना? किती बाटल्या दिल्या?”

“मावशीने मला काही दिलेलं नाही.”

“मग आलं कुठून? आभाळातून?”

“घरी विचार,” पलजोर खाली बघत म्हणाला. “मी सांगणार नाही असं कबूल केलंय.”

झालं! हीरासेनचा तिळपापड झाला. कबूल केलंय म्हणजे आमालाच, दुसऱ्या कुणाला? चढण चढताना गुडघे बोंबलत होते, पण त्याला त्यांचं ऐकायला वेळ नव्हता. आमाने बाटल्या लपवून ठेवल्या असणार, पाच, नाहीतर दहा, आणि लेकाला ठेंगा दाखवून भाच्याला दिल्या. पोटच्या पोराने ट्यूब चोळायची आणि त्या दत्तक बाळाने तेलात न्हायचं! मेलेल्या आईवर इतकं चिडता येतं हे त्याला त्या चढणीवर कळलं. लहानपणी रडू यायचं तसं त्याला रडू यायला लागलं आणि त्याची आणखीच चीड आली.

घरी बुटित चुलीपाशी फाफऱ्याच्या पिठाची धिरडी घालत होती. तो तिच्याशी न बोलता खालच्या खोलीत गेला. आमाची लाकडी पेटी उपसली, गोधड्या फेकल्या, कणग्यांमागे हात घातला. कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा निघाला. झाकण उघडलं. तोच वास. डबा काठोकाठ भरलेला.

तो डबा घेऊन वर आला. “हे काय आहे?”

बुटितने धिरडं उलटलं. “तेल.”

“आमाने लपवलेलं! तुला ठाऊक होतं! तू त्या पलजोरला पुरवत होतीस!”

“पुरवत नाही. त्याची पोरगी महिन्याला येते, पुढच्या दाराने, दिवसाढवळ्या. मी वाटी भरून देते.” तिने धिरडं काढून पितळीत टाकलं आणि तव्यावर दुसरं घातलं. “आणि ते तुमच्या आमाने लपवलेलं नाही. ते ह्या माघातलं आहे.”

“माघात आमा कुठे होती?”

“नव्हतीच.”

हीरासेनला क्षणभर काही समजेना. मग समजलं आणि ते त्याने ताबडतोब नाकारलं. “खोटं. हा आमाचा हात आहे. मी नाक विकलेलं नाही.”

“आमांची बोटं कधीपासून वळत नव्हती, सांगा बघू?”

त्याने डबा पुन्हा उघडून हुंगला.

“दहा वर्षं,” बुटित म्हणाली. “कुडत्याचं बटण मी लावत होते, घास मी मोडून देत होते. तुम्ही समोर बसून जेवत होता. त्या बोटांनी तेल तिंबत होत्या वाटलं तुम्हाला? त्या बाजूला बसून सांगायच्या, मी मळायचे. चिलगोजे घालणं तर माझ्या माहेरचं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना ते आवडलं. बाटली वर न्यायच्या त्या. म्हणायच्या, पोरगा खूश होतो, होऊ दे.”

“चोवीस वर्षं?”

“पहिली काही वर्षं दोघी मिळून. मग एकटी.”

“मग आमा गेल्यावर मला का नाही दिलंस?”

बुटितने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. “दिलं होतं. हेच तेल, त्याच हिवाळ्यात, दुसऱ्या बाटलीतून. दोन दिवस लावलंत आणि म्हणालात, हे आमाच्या तेलाच्या जवळपासही नाही, गाईच्या शिंगांना लाव.” तिने हात पदराला पुसले. “मी लावलं. सुंदर झाली शिंगं.”

हे त्याला आठवत होतं. नसतं आठवलं तर बरं झालं असतं. शिंगांची गोष्ट सांगून तो तेव्हा पारावर हशाही पिकवून आला होता.

“सांगायचं होतंस तोंडाने,” तो पुटपुटला.

“आमा जाताना म्हणाल्या होत्या, सांग त्याला. मीच नाही सांगितलं. म्हटलं, एवढं नाक आहे ना, ओळखतील. आज ना उद्या ओळखतील. दोन वर्षं वाट बघितली.” तिने उलथनं खाली ठेवलं. “आणि ओळखलंत ते कुठे, तर दुसऱ्याच्या डोक्यावर.”

तव्यावरचं धिरडं करपत होतं. तिचं लक्ष नव्हतं आणि त्याने सांगितलं नाही.

“पलजोरला कुणी सांगितलं?” त्याने विचारलं. खरं तर हेच विचारायला तो मघापासून घाबरत होता.

“कुणी नाही. आमा आजारी असताना तो त्यांची नखं काढायला यायचा. एक दिवस त्यांची मूठ उघडायला गेला, तर उघडेना. मग माझ्या घट्टे पडलेल्या तळव्यांकडे बघून म्हणाला, वहिनी, म्हणजे इतकी वर्षं आम्ही तुमचं तेल लावत होतो.” बुटितने पदराने नाक पुसलं. “मीच म्हटलं, बोलू नका कुणाजवळ. नाही बोलला.”

हीरासेन खाली बसला. पलजोरने आमाचं दूध अर्धं घेतलं, गोधडी अर्धी घेतली, त्याचं आजवर त्याने रडगाणं गायलं होतं आणि ते ऐकणाऱ्यांना ते पाठ झालं होतं. पण ह्या घरात, त्याच्या डोळ्यांदेखत, एक माणूस येऊन त्याच्या बायकोचे हात बघून गेला होता. आणि तो स्वतः रोज त्या हातांनी वाढलेलं जेवत आला होता.

“बुटित,” तो म्हणाला, “हात दाखव.”

“आता कशाला?” ती म्हणाली आणि करपलेलं धिरडं खरवडायला लागली.

आयुष्यभर तो पलजोरवर जळत आला होता. तसं जळायला खरंखुरं कारण त्याला आज पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि ते तो गावात कुणाला सांगू शकत नव्हता.