सहादेव आप्पांचे साडेतीन तास

पासवर्ड बरोबर होता. चुकला असता तर कम्प्युटरने तसं तोंडावर सांगितलं असतं. राजनंदिनीने पासवर्ड टाकला की तो मुकाट्याने घ्यायचा, पडदा क्षणभर काळा व्हायचा, आणि पुन्हा नाव-पासवर्ड विचारत तोच चौकोन समोर. पाहुण्याला "या, बसा" म्हणायचं आणि बूड टेकायच्या आत दार दाखवायचं, त्यातली गत. सकाळपासून अकरा वेळा तिने हा अपमान गिळला होता. ग्रामसेवकांच्या नावाने आत जाऊन पाहिलं, तर त्यांनाही तसंच हाकललं.

साडेआठ वाजले होते आणि दहा वाजता ग्रामसभा होती. तीही साधीसुधी नव्हे. नगरपासून तासाभरावरच्या या पिंपळदऱ्यात पाऊस सरला की एक सभा भरते. पाऊस किती पडला, बासष्ट विहिरींत पाणी किती, हे तिथे वाचून दाखवतात आणि यंदा गहू परवडतो की हरभरा-ज्वारीवर भागवायचं, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. वीस वर्षांत कुणी हा शब्द मोडलेला नाही. आकडेच नसतील तर शब्द कशावर द्यायचा? मग ज्याला जे वाटेल ते तो पेरणार, आणि फेब्रुवारीत विहिरी कोरड्या पडणार.

ते आकडे या एका कम्प्युटरमध्ये होते. फक्त याच्यातच. यात दुसऱ्या कुणाचा दोष नव्हता. पंचायतीची ऑपरेटर म्हणून लागल्यावर राजनंदिनीनेच जानेवारीत कागदी वही बंद करवली होती. दर पंधरा दिवसांनी स्कूटीवरून विहिरी फिरायची, मोबाईलवर आकडे टिपायची, कम्प्युटरमध्ये भरायची आणि मोबाईलवरचे पुसून टाकायची. स्वच्छतेची फार हौस! त्या हौसेचा आज तिला मनापासून राग आला.

वही बंद झाल्यापासून कडाडून विरोध केला होता तो सहादेव आप्पांनी. वीस वर्षं दोर आणि धोंडा घेऊन विहिरी मोजल्या त्या त्यांनीच. यंदाच्या पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत जेवणानंतर ते जे बोलायला उभे राहिले ते संध्याकाळपर्यंत. कम्प्युटरवर भरवसा ठेवू नका, गाव एक दिवस तोंडावर पडेल, हाच मुद्दा सत्तर तऱ्हांनी. लोक एकेक करून उठून गेले. शेवटी कॅमेरा, राजनंदिनी आणि आप्पा एवढेच उरले. आता त्यांच्यासमोर जाऊन काय सांगायचं? 

नगरच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो सरळ म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागेल मॅडम, आतलं सगळं जाईल." तिने फोन ठेवला आणि डोळे पुसून हर्षलला लावला. हर्षल गावातलाच, सुप्याच्या एका कारखान्यात कम्प्युटर सांभाळतो, नात्याने तिचा चुलत दीर.

"वहिनी, आदी रडनं थांबवा," तो म्हणाला. "पासवर्ड घेतोय ना? दुसऱ्याच्या नावानं गेलं तरी भाईर काढतोय ना? मग भानगड तुमच्या नावाची न्हाई, घराची, म्हंजी कम्प्युटरचीच हाय. कंट्रोल, ऑल्ट आन् एफ-थ्री, तिन्ही एकदम दाबा."

पडदा काळा झाला, वर पांढरी अक्षरं. हर्षलने एकेक अक्षर सांगितलं, तिने एकेक दाबलं. नाव, पासवर्ड. या काळ्या खोलीतून मात्र तिला कुणी हाकललं नाही. मग त्याने आणखी दोन अक्षरं टाकायला लावली आणि समोर यादी आली.

"शंभर टक्के असं कुटं दिसतंय का?"

"दिसतंय."

"हां! डिस्क ठासून भरलीय. तुमाला आत बसवायच्या आदी त्याला चार वळी खरडून ठेवाव्या लागत्यात. खरडायलाच जागा न्हाई, म्हनून भाईर काढतोय. आकडे शाबूत हायेत वहिनी. काय एवढं भरलंय त्यात?"

आकडे शाबूत आहेत, हे ऐकून तिने समोरच्या टेबलालाच हात जोडले. मग यादीत पाहिलं. सगळ्या ग्रामसभांची शूटिंगं होती.

"कवाची तरी येक उडवा, लगेच चालू व्हईल."

"उडवता येत नाही, भाऊजी."

येत नव्हतंच. मागे एका सभेचं शूटिंग कुणीतरी कापलं, त्यावरून दोन भावक्यांत डोकी फुटायची वेळ आली होती. तेव्हापासून गावाचा ठराव होता की जो बोलला त्याच्या परवानगीशिवाय त्याचं बोलणं कापायचं नाही, पुसायचं तर नाहीच. पिंपळदऱ्यात चराईबंदी एक वेळ कुणी मोडेल, हा ठराव कोण मोडणार? दुसरीकडे हलवावं, तर हाताशी होता तो पेन ड्राइव्ह चिमुकला, एकही शूटिंग त्यात मावेना. मोठी डिस्क नगरहून येईपर्यंत दुपार झाली असती. आणि प्रत्येक सभेत तीस-चाळीस जण बोललेले, कुणाकुणाची परवानगी काढायची?

एकच फाइल अशी होती, जिच्यात एकच माणूस बोलला होता. पंधरा ऑगस्ट, जेवणानंतरची. साडेतीन तास.

ती गेली तेव्हा आप्पा घराच्या ओट्यावर बसून दाढी करत होते. राजनंदिनीने डोक्यावरचा पदर सावरला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. 

"म्हंजी," आप्पा वस्तरा थांबवून म्हणाले, "मी म्हनलो हुतो तसंच झालं."

"व्हय, आप्पा."

"आन् मी म्हनलो हुतो, त्येच पुसायला निघालीस."

"तुम्ही नाही म्हणालात तर मी सभेत उभं राहून सांगेन की आकडे नाहीत, चूक माझी."

आज खरं तर आप्पांचा दिवस होता. ती फाइल सभेत लावली असती, तर साऱ्या गावाने त्यांचं ऐकलं असतं. त्यांनी अर्धवट दाढीवर पाणी मारलं, पंच्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "पूस जा."

"सगळं जाईल, आप्पा. परत मिळणार नाही."

"पूस म्हनलं ना पोरी! धा वाजत आले."

ती पळतच आली. हर्षल फोनवर थांबलेलाच होता. फाइल गेली, तिने पासवर्ड टाकला, पडदा काळा झाला, आणि निळ्या पडद्यावर तिची नेहमीची सगळी छोटी चित्रं हळूहळू उमटली. पुन्हा कुणी दार दाखवलं नाही.

सभा वेळेवर भरली. सरपंच मालनबाईंनी विहिरींचे आकडे वाचले. यंदा गहू एकरभराच्या वर कुणी करायचा नाही असं ठरलं. शेवटी राजनंदिनी उठली. आपली चूक सांगितली आणि म्हणाली, "आज आप्पांनी मोठं मन केलं नसतं तर ही सभा झाली नसती. मी त्यांचे आभार मानते, साऱ्या गावासमोर." टाळ्या वाजल्या. आप्पा मात्र चप्पल शोधत निघून गेले होते.

ती त्यांना वाटेत गाठायला गेली. ते पिंपळाच्या पाराला टेकून गुडघा चोळत उभे होते.

"आबार कशाला मानतीस?" ते म्हणाले. "दोन सालापास्नं ह्यो गुडगा वर उचलंना. इहिरीच्या कठड्यावर चढायला भ्या वाटायचं. पर वीस वर्सं मोजलेल्या मान्सानं आता न्हाई जमत असं सांगायचं कसं? तू ते काम काढून घेतलंस. त्या रातीला मी निवांत झोपलो बग." त्यांनी पुन्हा गुडघा चोळला. "कुनाला कळू नये म्हनून इरोद केला. खरं आसतं तर दोन मिन्टांत आटपलं आसतं. खोटं बोलाया साडेतीन तास लागले."

 राजनंदिनीने खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि तो हात तसाच दुखऱ्या गुडघ्यावर ठेवला.

"आप्पा, वही पुन्हा सुरू करू," ती म्हणाली. "विहिरीवर मी जाते. तिथनं फोनवर आकडे सांगीन, तुम्ही घरी बसून लिहा."

"आक्षर लई घानेरडं हाय माजं."

"चालंल," राजनंदिनी म्हणाली, आणि आप्पांनी तिच्या खांद्यावर हात टाकला. घर येईपर्यंत त्यांनी तो काढला नाही.